एका पत्रावळीखाली दुसरी
(प्रस्तावना)

पैठणच्या एकनाथांच्या काही कथा मराठी माणसाला पाठच असतात. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर नाथांनी कडेवर घेतले, रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर ते रागावले नाहीत आणि तेवढ्याच वेळा गंगेत बुडी मारून आले. शाळेच्या पुस्तकांतून, कीर्तनांतून, चित्रपटांतून या कथा इतक्या फिरल्या आहेत की नाथ म्हटले की शांती, हे समीकरणच होऊन बसले. त्या मानाने नाथांच्या घरातल्या भांडणाची कथा कमी सांगितली जाते, आणि सांगितली तरी शेवटच्या चमत्कारासाठी. हे भांडण बाप आणि मुलगा यांच्यातले आहे. मुलगा विद्वान आहे, बापाचे वागणे त्याला पटत नाही, तो घर सोडून काशीला जातो, बापाला अटी घालून परत येतो आणि अखेर एका अचाट, कोणत्याही हिशेबात न बसणाऱ्या प्रसंगातून त्याला बाप कळतो. या संग्रहातल्या कथा त्या भांडणाभोवती लावलेल्या आहेत. त्या वाचताना एक प्रश्न समोर ठेवावा, असे मला वाटते: मुलाला बाप समजायला अशक्य गोष्टच का लागली? साधा युक्तिवाद, साधा पश्चात्ताप, दोन शब्दांचा समेट का पुरला नाही? माझे म्हणणे असे की या कथांतली अतिशयोक्ती सजावटीची नाही. सरळ बोलण्यात जे मोजता येत नाही, ते मोजण्यासाठी ती आलेली आहे, आणि तिचे माप आश्चर्य वाटावे इतके काटेकोर आहे.

हे घराणेच अचाट कथांचे होते. नाथांचे पणजोबा भानुदास. विजयनगरच्या राजाने नेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असे परंपरा सांगते. भानुदासांचे चिरंजीव चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. पण नाथांना आईबाप लाभलेच नाहीत. ते तान्हे असताना सूर्यनारायण आणि रुक्मिणी दोघेही गेले आणि आजोबांनी त्यांना वाढवले. आपला जन्म मूळ नक्षत्रावर झाला, असे नाथ स्वतः अभंगात सांगतात, तेही रडत नाही, हसत, शब्दांशी खेळत. आईबापाला खाणारे मूल हा समाजाने कपाळी मारलेला शिक्का त्यांनी अध्यात्माच्या विनोदात उलटवून टाकला. हे एकदा ध्यानात घेतले की त्यांच्या श्राद्धाची प्रसिद्ध कथा वेगळी दिसू लागते. पितृश्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वास रस्त्यावर गेलेला, बाहेरून जाणारे भुकेले महार कुटुंब त्या वासाने थबकले, आणि नाथांनी व त्यांच्या पत्नी गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांना वाढून टाकले. पुन्हा सोवळ्याने स्वयंपाक केला, पण पैठणच्या ब्रह्मवृंदाने जेवायला यायचे नाकारले. तेव्हा नाथांनी रिकाम्या पानांवर पितरांना बोलावले आणि पितर स्वतः येऊन जेवले. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो. म्हणजे नाथांच्या पंगतीला सूर्यनारायण, चक्रपाणी आणि भानुदास. ज्याने बापाचा चेहरा पाहिलाच नाही, त्याच्या घरी बाप जेवायला येतो, तेही गावाने वाळीत टाकण्याची धमकी दिलेल्या दिवशी. ही कथा आपण जातिभेदाची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेही. पण ती एका पोरक्या मुलाचीही कथा आहे.

नाथांच्या मुलाची अडचण याच्या अगदी उलट. हरिपंडितांना बाप होता, डोळ्यांसमोर होता, आणि नको तितका दिसत होता. त्यांनी शास्त्राध्ययन केले, पंडित म्हणून नाव मिळवले, आणि घरात पाहिले तर बाप भर सभेत प्राकृतात पुराण सांगतो, कोणाच्याही घरचे अन्न खातो, कोणालाही दारात उभे करतो. मुलगा वैतागून काशीला निघून गेला. यातला विरोधाभास नाथांचे चरित्र सांगणाऱ्या महिपतींच्या श्रोत्यांनी नक्कीच टिपला असणार. कारण नाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये पुरे केले ते काशीतच, आणि मराठीतल्या त्या ग्रंथावर आधी आक्षेप घेणाऱ्या काशीच्या पंडितांनी शेवटी त्याचा गौरव केला, अशी परंपरा आहे. ज्या मराठीला काशीने मान दिला, तिच्यापासून पळून मुलगा काशीलाच गेला. नाथ त्याला आणायला स्वतः गेले. परत यायला हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: पुराण मराठीत सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. मग पैठणला हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि ऐकणारे हळूहळू आटले. इथपर्यंत कथेत चमत्काराचा लवलेश नाही. ज्या घरात शिकलेला मुलगा आणि हट्टी बाप एका छपराखाली राहिले आहेत, अशा कोणत्याही घरची ही हकिगत शोभेल. वादात कोण जिंकले? मुलगा. बापाने वाद घातलाच नाही, अटींवर सही करून मोकळा झाला. म्हणूनच यापुढे युक्तिवादाला जागा उरत नाही.

पुढचा भाग महिपतींनी ‘भक्तलीलामृता’त मोठ्या खुबीने मांडला आहे. एका बाईने चांगल्या दिवसांत सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. नवरा गेला, संपत्ती गेली, संकल्प राहिला. एक ब्रह्मवेत्ता जेवू घातला तरी हजारांचे पुण्य लागते, असे कोणीतरी तिला सांगितले आणि ती नाथांकडे आली. परान्न घ्यायचे नाही ही अट, आणि दारातून बाईला विन्मुख धाडायचे कसे? नाथांनी मार्ग काढला: तिच्या घरचा शिधा, पण स्वयंपाक हरिपंडितांनी करायचा. म्हणजे अन्न मुलाच्याच हातचे, अट शाबूत. कज्जेदलालालाही शोभेल अशी ही पळवाट आहे, आणि ती शास्त्राच्याच शब्दांत आहे. शास्त्रीबुवांना काही बोलायला तोंड राहिले नाही. जेवण झाले. नाथ म्हणाले, पत्रावळ त्या बाईला उचलायला लावू नकोस, तूच उचल. बापाची उष्टी काढणे यात मुलाला कमीपणा नाही, उलट ऐकणाऱ्याला इथे राजसूय यज्ञात उष्ट्या पत्रावळी उचलणारा श्रीकृष्ण आठवतोच. पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ, तिच्यावर भाताची शिते, आमटीचा ओघळ. हरिपंडितांनी ती उचलली तर खाली तशीच दुसरी. ती उचलली तर तिसरी. उचलत गेले आणि मोजत गेले, हजार भरल्या. बाईचा संकल्प पुरा झाला आणि मुलगा बापाच्या पाया पडला. दुसऱ्या दिवसापासून पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

अन्न वाढत जाण्याच्या कथा जगात पुष्कळ आहेत, मग हीत वेगळे काय, असा आक्षेप येऊ शकतो. द्रौपदीची थाळी आहे, बायबलमधल्या पाच भाकरी आहेत. पण जरा जवळून पाहा. तिथे अन्न वाढते आणि भुकेली माणसे जेवून तृप्त होतात. इथे अन्नाचा एक कणही वाढलेला नाही. हजार ब्राह्मण कुठूनही आलेले नाहीत. वाढले ते फक्त उष्टे. जेवणारा एकच, आणि जेवून झाल्याचा पुरावा हजारांचा. हा चमत्कार भुकेसाठी नाही, गावासाठीही नाही, कारण तिथे साक्षीदार म्हणून त्या बाईखेरीज एकटा मुलगाच आहे. जो माणूस आयुष्यभर नियम मोजत आला, त्याला मोजण्याचेच काम दिले आहे. एवढेच की मोजायची वस्तू बापाने खाल्लेल्या घासांची आहे, आणि ती सरत नाही. संख्या हजारच का? संकल्प हजाराचा होता म्हणून. कथा सांगणाऱ्याने पोकळ फुगवलेली ही संख्या नव्हे, पाचशेवर थांबली असती तर कथा फसली असती आणि दोन हजारांवर गेली असती तर ती थाप झाली असती. लोक ज्याला लोणकढी म्हणतात तिच्यात आणि अशा कथेत फरक असेल तर तो इथे आहे. लोणकढी ऐकणाऱ्याला चकित करून थांबते. ही कथा एका विशिष्ट माणसाचे विशिष्ट देणे फेडते.

दुसरी गोष्ट भाषेची. नाथ भारुडांचे कर्ते. विंचू चावलेला माणूस, बिनकामाच्या नवऱ्याला कंटाळलेली बायको, जोशी, वाघ्या, गोंधळी अशी सगळी बाजारातली, जत्रेतली मंडळी त्यांनी अध्यात्म सांगायला उभी केली. काही रचना तर उलट्या खुणांच्या आहेत, जिथे प्रत्येक वस्तू आपल्या स्वभावाच्या विरुद्ध वागते आणि ऐकणाऱ्याला अर्थ स्वतः शोधावा लागतो. अशक्य बोलून खरे सांगायचे, हा नाथांचा मराठीतला खास बाणा होता. मुलाने घातलेली पहिली अट नेमकी याच बोलीवर होती. संस्कृतात बापाशी वाद करता आला असता, पण बाप त्या मैदानावर उतरलाच नाही. म्हणून पत्रावळींचा प्रसंग मला असा दिसतो की बाप शेवटी आपल्याच भाषेत बोलला, भारुडाच्या भाषेत, फक्त या वेळी शब्दांऐवजी पाने होती. आणि मुलाला पहिल्यांदाच ती भाषा समजली. परंपरेने हा समेट दोघांच्या संवादातून घडवला नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते. बाप आणि मुलगा समोरासमोर बसून मन मोकळे करतात, हे दृश्य नाटकात शोभते. घराघरात ते क्वचितच घडते.

आता मोठा आक्षेप. हे सगळे महिपती सांगतात, आणि महिपती कोण? राहुरीजवळच्या ताहराबादचे अठराव्या शतकातले चरित्रकार. नाथांनी देह ठेवला तो १५९९ मध्ये, ‘भक्तलीलामृत’ पुरे झाले १७७४ मध्ये. मध्ये पावणेदोनशे वर्षे. हरिपंडितांच्या मनात काय होते, हे महिपतींना कुठून कळणार? खरेच आहे. या कथेतून हरिपंडित नावाच्या ऐतिहासिक माणसाचे मन वाचता येईल, असा दावा कोणी करू नये, आणि हे पुस्तकही करत नाही. पण हाच आक्षेप उलटा करून पाहावा. पावणेदोनशे वर्षे लोकांनी ही कथा सांभाळली. पैठणला नाथवंशजांनी नाथांची परंपरा चालवली, ती हरिपंडितांमार्फत. म्हणजे ज्या माणसाच्या हातून वारसा पुढे गेला, तोच कथेत चुकलेला, हट्टी, बापाला न ओळखणारा दाखवला आहे. वंशाची थोरवी वाढवण्यासाठी कोणी ही कथा रचली असती तर मुलाला आज्ञाधारक केले असते, ते जास्त सोपे होते. बापाच्या मोठेपणाची कथा सांगताना मुलाचे अपयश तिच्यात ठेवावे लागले, कारण त्याशिवाय ऐकणाऱ्यांना ती खरी वाटली नसती. हरिपंडितांचे मन त्यातून कळत नाही, पण बापलेकांच्या नात्याबद्दल सतराव्या-अठराव्या शतकातला मराठी समाज काय समजून होता, ते कळते. इतिहास म्हणून हे थोडे नाही.

याहून अवघड आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. प्रभातचा ‘धर्मात्मा’ १९३५ मध्ये आला. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते बदलावे लागले. लाहोरच्या न झालेल्या भाषणावरून, म्हणजे १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’वरून गांधीजींशी जो वाद झाला, त्यात बाबासाहेबांनी या चित्रपटाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्याबरोबर जेवले, पण जातीला विरोध म्हणून नाही, लागलेला विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो, अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, माणसे माणसांपुढे समान मानली नाहीत. या टीकेला श्रद्धेने उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. उलट कथांचा पुरावा बऱ्याच अंशी बाबासाहेबांच्या बाजूने जातो. राण्या महाराच्या घरी नाथ जेवले, त्याच वेळी ते आपल्या घरीही दिसले, असे कथा सांगते. म्हणजे चमत्काराने विटाळाच्या आरोपातून नाथांना सोयीस्कर संशयाचा फायदा दिला. पितर जेवायला आले, तेव्हा महारांना जेवू घालणे बरोबर होते हे वरून मंजूर करून घ्यावे लागले. जॉन क्यून या अभ्यासकाने २०२१ च्या आपल्या ग्रंथात नाथांच्या अन्नकथांची रूपे पोथ्यांपासून नाटके आणि चित्रपटांपर्यंत तपासली आहेत. सांगणारा बदलला की कथेचा रोख बदलतो आणि जातीबद्दल ती नेमके काय म्हणते ते मुद्दाम धूसर राहते, हे त्यातून दिसते. मी यात एवढीच भर घालीन की पत्रावळींच्या कथेला समतेची कथा म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिच्यात जेवणारा ब्राह्मण, न आलेले हजारही ब्राह्मण. समाजाची घडी तिने विस्कटली नाही. तिने एका मुलाचा गर्व मोडला, आणि तेवढेच काम तिच्याकडे होते. अचाट कथा घरातले कर्ज फेडू शकते, गावातले नाही. नागसेनवनात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे करणाऱ्या माणसाला हा फरक ठाऊक होता, आणि पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात बसून नाथांवर लिहिताना तो विसरून चालत नाही.

मग मृत्यू. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली. आजार नाही, अंथरूण नाही, कीर्तन चालू आहे आणि माणूस पाण्यात चालत जातो. षष्ठीला पंचपर्वा म्हणतात, कारण देवगिरीचे गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तांचा अनुग्रह, नाथांची गुरुभेट, जनार्दनस्वामींचे निर्वाण आणि नाथांची समाधी अशा पाचही गोष्टी याच तिथीला घडल्या, अशी श्रद्धा आहे. पंचांगाच्या हिशेबात हे बसवणे कठीण, कथेच्या हिशेबात चोख. जगाच्या दुसऱ्या टोकाला, डॅनियल वॉलेसच्या ‘बिग फिश’ या १९९८ च्या कादंबरीत आणि त्यावरच्या टिम बर्टनच्या २००३ च्या चित्रपटात, थापा मारत आयुष्य घालवलेला बाप मरणपंथाला लागलेला आहे. त्याच्या थापांना विटलेला मुलगा शेवटी स्वतःच एक थाप रचून बापाला सांगतो: तुम्हाला इस्पितळातून बाहेर काढून नदीवर नेले, आणि तुम्ही मासा होऊन पोहत गेलात. अलाबामा आणि पैठण यांच्यात काही देवाणघेवाण झालेली नाही, पण दोन्हीकडे मुलाची गरज एकच दिसते. बापाला असहाय झालेला पाहावे लागू नये, त्याचे जाणे त्याच्या इच्छेने झालेले असावे, आणि ते पाण्यातून व्हावे. हा मृत्यूला नकार आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. पैठणला मृत्यू नाकारलेला नाही, त्याची तिथी ठरवून दरवर्षी यात्रा भरवली आहे. तुकाराम बीजेला नाथवाड्यातल्या रांजणाची पूजा होते आणि लोक गोदावरीचे पाणी त्यात ओतू लागतात. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाने बारा वर्षे पाणी भरणारा श्रीकृष्ण येऊन शेवटची घागर ओततो तेव्हाच तो रांजण ओसंडतो, अशी समजूत आहे. वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण, त्याच्या जलाशयाला नाव नाथसागर, आणि छत्रपती संभाजीनगरच्या नळांना येते ते याच जलाशयाचे पाणी. यात्रेत स्नानाला पात्रात पाणी हवे तर धरणातून सोडावे लागते. श्रीखंड्याचे हे काम आता पाटबंधारे खात्याकडे आले आहे.

नाथांच्या मागे दोन गोष्टी उरल्या, एक ग्रंथ आणि पादुका. ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात अपुरे राहिले. ते पुरे करायला घरात शास्त्री मुलगा होता, मुलीकडून नातू मुक्तेश्वर हा तर पुढे मराठीतला मोठा कवी झाला. पण परंपरेने ते काम दिले गावबाला, पुरणपोळीच्या आशेने नाथांच्या घरी राहिलेल्या, मंदबुद्धी म्हणून हिणवल्या गेलेल्या पोराला. ही कथासुद्धा तिळाचा ताड करूनच सांगितली जाते, आणि तिच्यात हरिपंडितांना पुन्हा एकदा बाजूला बसवले आहे. हरिपंडितांकडे गेल्या पादुका. वडिलांच्या मागे त्या पालखीत घालून दर आषाढीला पंढरपूरला नेण्याची रीत त्यांनी सुरू केली, आणि पैठणची ती पालखी आजही मानाच्या सात पालख्यांत आहे. बापाचे पुराण बंद करणाऱ्या मुलाने बापाच्या पादुका घेऊन मराठी अभंग म्हणणाऱ्या लोकांबरोबर चालत जावे, यावर महिपतींनी भाष्य केलेले नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

या संग्रहाची मांडणी काळानुक्रमाने केलेली नाही. पितरांची पंगत आधी आहे, मग काशीच्या अटी, मग पत्रावळी, जलसमाधी आणि शेवटी गावबा. ज्यांना नाथांच्या शांतीच्याच कथा हव्या आहेत त्यांना त्या इथे सापडणार नाहीत, त्या इतरत्र भरपूर आहेत. काशीच्या अटींचा भाग मात्र घाईने ओलांडू नये. त्यात चमत्कार नाही म्हणून कीर्तनकार तो बहुधा दोन वाक्यांत उरकतात, आणि मग पत्रावळी कशासाठी मोजल्या जात होत्या तेच ऐकणाऱ्याला कळत नाही.